पाण्यावरची जीप आणि माझी सही

रशीदभाऊ,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. बाकीचे रडून मोकळे झाले, मला मात्र अजून तुमचा रागच येतोय. एका जागी बसवत नाही. काल डाळ शिजत ठेवून तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले, कशासाठी ते माझं मलाच कळेना. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी आहे, नाहीतर निदान पोरांवर तरी ओरडले असते. भांडण अर्धवट टाकून उठून जाणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत, आणि तुम्ही तर बारा वर्षांचं भांडण टाकून गेलात. तेही भर दुपारी, हात धुऊन जेवायला बसता बसता.

सुरुवात माझ्यापासून झाली, हे आधीच कबूल करते. तुम्ही आमच्या कॉलेजचा जनरेटर दुरुस्त करायला आला होतात. मी अकरावीच्या पोरांना पाण्यातून वीज सोडून त्यातले दोन वायू वेगळे कसे होतात ते दाखवत होते. नळीत हायड्रोजन जमला, मी जळती काडी तोंडाशी नेली आणि ‘फट्’ असा आवाज झाला. पोरं दचकली. मला चेव आला आणि मी म्हणाले, “बघा, पाण्याच्या पोटात आग असते.” शिक्षक असं बोलतात. मागच्या बाकावरचा जागा राहावा म्हणून बोलतात. दारात पाना हातात घेऊन तुम्ही उभे होतात हे मला माहीतच नव्हतं. ही आग बाहेर काढायला तिच्यापेक्षा जास्त वीज खर्च होते, हे मी त्यानंतर सांगितलं. तोवर तुम्ही जनरेटरकडे निघून गेला होतात.

पुढच्या रविवारी तुम्ही लोणच्याची काचेची बरणी घेऊन माझ्या दारात हजर. आत स्टीलच्या पट्ट्या ओळीनं बसवलेल्या, झाकणातून दोन वायरी आणि एक सलाईनची नळी बाहेर आलेली.

“बाई, ह्या पट्ट्या बराबर हायेत का पाहा.”

“स्टील कुठून आणलंत?”

“घरचे ताटं कापले.”

“भाभींना विचारलंत?”

“त्यायले अजून मालूम नाई. तुमी बोलू नोका.”

मी नाही बोलले. पण तिसऱ्या दिवशी नसीमभाभींनी ताटं मोजली आणि त्यांचा आवाज मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला. आपल्या दोन घरांमध्ये किराण्याचं एकच दुकान, तेव्हा त्यात नवल नव्हतं. त्यानंतर वर्षभर तुम्ही पत्रावळीवर जेवलात असं तुम्हीच सांगायचात. त्यातलं खरं किती, देव जाणे.

तुमचा हिशेब सोपा होता. बरणीत पाणी आणि थोडा कास्टिक सोडा घालायचा, तुमच्या जीपच्या बॅटरीतून वीज द्यायची, निघालेला वायू नळीनं इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडायचा. वायू जळेल, डिझेल कमी लागेल. आज अर्धं, उद्या पाव, परवा डिझेलची टाकी भंगारात. तुम्ही हे सांगायला लागलात की हातातला चहा गार व्हायचा आणि वर साय यायची.

मी म्हणायचे, “भाऊ, पाणी म्हणजे हायड्रोजनची राख आहे. तो जळून गेला तेव्हा पाणी झालं. चुलीतली राख पुन्हा पेटवता येते का?”

“राख नाई पेटत,” तुम्ही म्हणायचात, “पन राखेखाली इंगळ राह्यते ना बाई.”

पालथ्या घड्यावर पाणी! आणि तेही माझंच. मी चिडून घरी यायचे आणि रात्रीच्या भाकरी थापताना तुम्हाला द्यायचं उत्तर मनात जुळवत बसायचे. एकदा सायकलचा डायनॅमो घेऊनच तुमच्या गॅरेजात आले. दिवा न जोडता चाक हातानं फिरवायला लावलं, मग दिवा जोडून फिरवायला लावलं. दिवा लागताच चाक जड झालं. तुमच्या मनगटाला ते कळलं, कारण तुमचं मनगट खोटं बोलणारं नव्हतं. मी म्हणाले, “हेच जीपमध्ये होतं. बरणीला वीज दिली की इंजिनावर भार पडतो, आणि तो भार ओढायला डिझेलच जळतं. फुकट काही नाही.” तुम्ही त्या दिवशी गप्प राहिलात. मला वाटलं, जिंकले. आठ दिवसांनी रस्त्यात गाठून म्हणालात, “बाई, बैल नांगराले जुंपला का जडच चालते. पन धान तं होते ना?”

आता सांगते, त्या उत्तरावर मी घरी जाऊन खूप हसले होते. तुमच्यासमोर हसायची चोरी होती.

एका मुद्द्यावर तुम्ही मला खरंच अडवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही विचारलंत, डिझेलच्या विजेनं नाही, उन्हाच्या विजेनं पाणी फोडलं तर? मी म्हणाले, जमेल. जगात लोक ते करतात, महाग पडतं, तो वायू साठवायला जड टाक्या लागतात, पण जमतं. “मात्र तेव्हा इंधन पाणी नाही, ऊन. पाणी नुसतं पोतं. ऊन भरून न्यायचं पोतं.”

“मंग तुमी ऊन म्हना, मी पोतं म्हनतो. गाडी तं चालली ना!”

गॅरेजच्या टिनांवर सोलरची प्लेट लावायची असं तुमचं ठरत होतं, आणि पहिल्या दिवशी मी भांडायला यायचं असंही ठरलं होतं.

आणि मूल गावाच्या रस्त्यावर माझी स्कूटी बंद पडली तो दिवस आठवतो? दुपारचे तीन, दोन्ही बाजूंनी जंगल, आठवड्यापूर्वीच त्या टापूत वाघ दिसलेला. मी घाबरत फोन केला. तुम्ही जीप घेऊन वीस मिनिटांत आलात, स्कूटी न उघडता नुसती हलवून पाहिली आणि म्हणालात, “बाई, पेट्रोल संपलं.” रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईचं पेट्रोल संपलं! “पान्यावर असती तं इथंच नाल्यातून भरली असती,” हे वर. तुमच्याइतक्या लवकर माझ्यासाठी कोणी धावून आलं नाही, भाऊ. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी फक्त एवढंच म्हणाले की नाला कोरडा आहे.

आता मुद्द्यावर येते. इथपर्यंत मुद्दाम वेळ काढला.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही हट्ट धरलात की मी स्वतः मोजावं. “तुमी मोजा. तुमी लिहा. मंग बोला.” आपण खरोखरच नेटानं मोजलं. एकच पंप, एकच नळी, जीप एकाच जागी उभी राहावी म्हणून चाकांपुढे विटा. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मूलला जाऊन यायचं, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. पहिल्या दिवशी बरणी न लावता गेलो. तुम्ही तुमच्या नेहमीच्या तऱ्हेनं हाकलीत, म्हणजे मी दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून बसले होते. दहाचा अॅव्हरेज आला. दुसऱ्या दिवशी बरणी लावून निघालो.

परतीच्या वाटेवर फॉरेस्टच्या नाक्यापाशी माझ्या लक्षात आलं की माझे हात मांडीवर आहेत. मी कशालाच धरलं नव्हतं. तुम्ही बरणीला जपत होतात. काच फुटेल, सोड्याचं पाणी हिंदकळून नळीत जाईल, म्हणून प्रत्येक खड्ड्याआधी पाय काढत होतात, ब्रेक असा लावतच नव्हता, उतारावर जीप नुसती सोडून देत होतात. मागून एक ट्रॅक्टर आपल्याला ओलांडून गेला आणि तुम्ही त्याला हात दाखवलात. नवरी घेऊन चालल्यासारखी जीप चालली होती. तशी चालवली तर कुठलीही गाडी डिझेल वाचवते. बरणीत पाणी असो की आंब्याचं लोणचं.

पंपावर मोजलं. बारा.

विटा उचलून बाजूला ठेवल्यात, मग पुन्हा त्याच जागी ठेवल्यात. डोळे पुसलेत आणि डिझेलचे हात होते म्हणून डोळे आणखीच लाल झाले. “हातच्या काकनाले आरसा कायले, बाई,” एवढंच म्हणालात आणि वही पुढे केलीत. मी आकडे लिहिले. आकडे खरे होते. खाली माझी सही, सहीखाली एम. एस्सी., रसायनशास्त्र. डिझेल का वाचलं, ते मात्र लिहिलं नाही.

उद्या सांगू म्हटलं. उद्या तुम्ही पेढे घेऊन आलात. मग म्हटलं ईद होऊन जाऊ दे. मग पाहते तर तुम्ही त्या पानाची झेरॉक्स काढून, प्लॅस्टिकमध्ये घालून गॅरेजच्या भिंतीवर लावलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचात: “आपल्या बाईची सही हाये.” सहा-सात जणांनी गाडीला बरणी लावून घेतली. तुम्ही फक्त नळी-वायरीचे पैसे घेत होतात, आणि प्रत्येकाला बजावत होतात की बरणी काचेची आहे, जपून चालव. ते जपून चालवत होते. त्यांचंही डिझेल वाचत होतं. मला काय करावं ते कळेना. मी आपली राख आणि इंगळ यावर भांडत राहिले, सहीचा विषय टाळून.

तुम्ही गेलात तेव्हा मी चंद्रपूरला बहिणीकडे होते. माती द्यायच्या वेळेला पोचले नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी आले, आत भाभींजवळ बसले. भाभी काही बोलत नव्हत्या, माझा हात मात्र धरून ठेवला होता. दाराला पडदा होता, बाहेर अंगणात माणसं होती. तेवढ्यात भामरागडचा देवराव आला. दरवर्षी मृगाआधी सासुरवाडीला येतो आणि तुमच्याकडून जीप तयार करून नेतो, तोच. त्याच्याही जीपला तुमची बरणी आहे, तिला तो ‘बॉटल’ म्हणतो. त्याला काहीच माहीत नव्हतं. जीप दुरुस्तीलाच घेऊन आला आणि अंगणातली माणसं पाहून फाटकातच बसला. सावरल्यावर बाजूच्याला सांगायला लागला, पडद्याआडून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“भाऊ गेले, पन बॉटल देऊन गेले. पानी चढलं का आमच्याकडचा रस्ता बंद. मंग डिझेल नाई, काई नाई. तिकडं दवाखान्यात पेशंट नेनारी माझीच एक जीप राह्यते. दरसाल चार कॅन भरून ठेवतो. यंदा दोनच ठेवून राह्यलो. भाऊची बॉटल हाये ना.”

माझा हात भाभींच्या हातात होता. मला वाटलं, उठू नये. तिसरा दिवस आहे, तुमच्याच अंगणात, तुमच्याच माणसांत, तुमच्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट खोटी होती असं मी सांगायचं? पुढच्या आठवड्यात फोन करून सांगता येईल. पण हे ‘पुढच्या आठवड्यात’ मी तीन वर्षं करत आले होते. आणि पेशंट घेऊन निघालेला माणूस चिखलाच्या रस्त्यात गाडी जपून चालवत नाही, भाऊ. तो पहिल्या गियरमध्ये इंजिन कोकलवत काढतो. तिथे दोन कॅन कुठेच पुरणार नाहीत.

मी हात सोडवला आणि पडदा सारून बाहेर आले. सगळ्यांदेखत सांगितलं. वाचलं ते हळू चालवल्यानं. पाण्यानं काहीही वाचत नाही, उलट थोडं जास्तच जळतं. चार कॅन भर.

देवराव माझ्याकडे बघत राहिला.

“बाई, त्या कागदावर सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मंग भाऊ जित्ते होते तवा काऊन नाई बोल्ल्या?”

देवरावचा आवाज चढला नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. पडद्याआडून भाभींचा आवाज आला, तीन दिवसांत पहिल्यांदाच.

“देवराव, चारी कॅन भरून घे. बाई खोटं नाई बोलत.”

मग त्या माझ्याशी बोलल्या. “बाई, जे खरं हाये ते त्या कागदावर लिहून टाका. पन त्यायचं नाव नका काटू.”

मी गॅरेजात गेले. प्लॅस्टिक कापून कागद बाहेर काढला आणि खाली लिहिलं: ‘बरणी फुटू नये म्हणून गाडी सावकाश चालवली होती. डिझेल त्यामुळे वाचलं.’ पुन्हा सही केली. तुमच्या नावाला हात लावला नाही. बाकीच्या सहा गाड्यांचे मालक मी एकेक करून गाठतेय. तिघं भेटले, दोघं चिडले, एक म्हणाला की त्याला हे पहिल्यापासून माहीत होतं. तो साफ खोटं बोलत होता.

देवरावच्या जीपची बरणी मी काढायला लागले तर त्यानं हात धरला. “राहू द्या बाई. काढली तं मी पुन्हा पळवीन.” मला हसू फुटलं, तुमच्या तिसऱ्याच्या दिवशी, तुमच्याच गॅरेजात. शेवटी आम्ही वायरी आणि नळी तोडली, सोड्याचं पाणी ओतून दिलं आणि बरणीत साधं पाणी भरलं. गुरुवारी तो चार कॅन घेऊन गेला. जाताना मी खिडकीतून पाहिलं, आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर त्यानं अगदी अलगद वळण घेतलं.

म्हणजे सगळं मार्गी लागलं. तरी मला बसवत नाही, आणि का ते आता कळतंय. देवरावला सांगितलं, भाभींना सांगितलं, तुमच्या अंगणातल्या वीस माणसांना सांगितलं. ज्याच्याशी हे बोलायचं होतं त्याला सोडून सगळ्यांना सांगून झालं.

मी स्वतःला सांगत होते की तुमचं मन मोडू नये म्हणून गप्प राहिले. ते खरं नाही. बारा वर्षं मी तुमच्याशी जीव तोडून भांडले, डायनॅमो घेऊन आले, भाकरी करपवल्या, कारण मी तुम्हाला माझ्या बरोबरीचा मानत होते. त्या दिवशी पंपावर मला तुमची दया आली. दया आली आणि मी तुम्हाला लहान मुलासारखं खेळणं देऊन टाकलं. तुम्ही लहान नव्हतात. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही दोन दिवस तोंड फिरवलं असतंत आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी असं बोलला असतात की मला पुन्हा भाकरी करपवाव्या लागल्या असत्या. तुमच्यात ते बळ होतं. माझ्यात ऐन वेळी ते नव्हतं. मला माफ करा असं म्हणणार होते, पण तुम्ही माफ केलं असतंत की आणखी चार टोमणे मारले असतेत, ते मला ठरवता येत नाही. मला टोमणेच हवे होते.

काल संध्याकाळी उन्हं उतरल्यावर तुमच्या बंद गॅरेजसमोर जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं बोलले, “रशीदभाऊ, पाण्यावर गाडी चालत नाही. त्या दिवशीही चालली नव्हती.” सायकलवरून जाणारा एक माणूस थांबून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. शटरसमोर थांबले, बऱ्यापैकी वेळ थांबले.

बारा वर्षांत पहिल्यांदाच मला कोणी उलट उत्तर दिलं नाही.